सांगलीत राहून दापोलीकडे समुद्राला लागून प्लॉट घेतोय. समुद्र आत आला तर जमीन कुणाची, आणि बीचवर येणाऱ्यांना अडवता येतं का?

नाही अडवता येत, आणि जमिनीचं पण जरा अवघडच आहे बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०, त्यात स्पष्ट आहे की भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ सरकारचा, म्हणजे समुद्र कायमचा आत सरकला की सातबाऱ्यावर तुमचं नाव असलं तरी त्या तुकड्यावर हक्क सांगणं कठीण, नि बाजारभावानं भरपाई मिळेल हे तर डोक्यातनं काढाच.

आपल्याकडं कृष्णेची निळी रेषा-लाल रेषा (पूररेषा) बघून प्लॉट घेतात ना (२०१९ च्या महापुरानंतर तरी घ्यायला पायजे!) तसं तिथं सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचा, नकाशा बघा. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत कमी वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र (म्हणजे नवीन बांधकामाला सहसा मनाई) आहे, एजंट हे सांगत नाही, तो फक्त सूर्यास्त दाखवतो. आणि प्लॉटातनं मच्छीमारांची पूर्वापार पायवाट असली तर तारेचं कुंपण घालून भांडण विकत घेऊ नका, वहिवाटीचा दावा लावतील. इसार द्यायच्या आधी मोजणी करून घ्या.