'ट्रेझरी एडिशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत सुपरमॅन आणि मुहम्मद अली यांच्या लढतीचं भलंमोठं कॉमिक्स मिळालं. कॉमिक्स जमवणारा मित्र त्याला 'ट्रेझरी एडिशन' म्हणतो. मराठीत 'खजिना आवृत्ती' चालेल का?

माझ्या मते नाही. 'ट्रेझरी' हे मुळात आकाराचं नावच नव्हे. मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीने १९७४ साली 'मार्व्हल ट्रेझरी एडिशन' ही मालिका सुरू केली. पान साधारण १० बाय १४ इंच. सुपरमॅन छापणारी डीसी कंपनी असे अंक त्याआधीपासून काढत होती, पण 'लिमिटेड कलेक्टर्स एडिशन' या नावाने. तुमचा १९७८ चा अंकही डीसीच्या 'ऑल-न्यू कलेक्टर्स एडिशन' मालिकेतला. पुढे जमवणाऱ्यांनी सगळ्यांनाच ट्रेझरी म्हणायला सुरुवात केली, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. डालड्याचं कोणी भाषांतर करत नाही.

'आवृत्ती' तर आणखी घोटाळ्याचा शब्द. मराठीत 'दुसरी आवृत्ती' म्हटलं की तेच पुस्तक पुन्हा छापलं, असाच अर्थ निघतो. यातल्या बऱ्याच अंकांत जुन्याच गोष्टी होत्या, त्यांना तो कसाबसा लागू पडेल. अलीचा अंक मात्र मुद्दाम त्याच आकारासाठी रचलेला. चित्रकार नील अ‍ॅडम्सने मुखपृष्ठावर प्रेक्षकांत खच्चून भरलेले नामवंतांचे चेहरे एकेक करून ओळखता येतात. नेहमीच्या पानावर, म्हणजे पावणेसात बाय सव्वादहा इंचांत, त्यांचे ठिपकेच झाले असते.

खरं तर त्या काळी चित्रकार मूळ पान १० बाय १५ इंचांच्या आसपासच काढत आणि ते छापताना लहान होई. म्हणजे ट्रेझरीत चित्र 'मोठं' केलेलं नसतं, जवळपास मूळ मापाचं असतं! यामागे हिशोबही होता: साधं कॉमिक्स पंचवीस सेंटांना, तर मार्व्हलची पहिली ट्रेझरी दीड डॉलरला. पण दुकानातल्या नेहमीच्या रॅकमध्ये ती मावत नसे. मार्व्हलची मालिका १९८१ मध्ये थांबली.

आपल्याकडे १९६४ मध्ये मुंबईहून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळही साध्याच आकारात भेटला, त्यामुळे मराठीत या मापाला वेगळं नाव पडलं नसावं. आकारच सांगायचा असेल तर सरळ 'मोठ्या आकाराचं कॉमिक्स' म्हणा. 'बृहदाकार चित्रकथा' परीक्षणात शोभेल, फुटपाथवर नाही. तो विशिष्ट प्रकारच सांगायचा असेल तर 'ट्रेझरी' तशीच ठेवा, स्त्रीलिंगी. अनेकवचन 'ट्रेझऱ्या' करायलाही माझी हरकत नाही.