वरच्या देशाने पाणी अडवले तर?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या दोन इमारतींना एकाच भूमिगत टाकीतून पाणी मिळते आणि कोणासाठी किती वेळ पंप चालवायचा यावरून दर उन्हाळ्यात भांडण होते. राज्याराज्यांत असा वाद झाला तर कृष्णेसारखा लवाद नेमता येतो. पण नदी दोन देशांतून वाहत असेल, तर वरच्या देशाला कायद्याने कोण अडवणार?
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : राज्यांच्या वर केंद्र सरकार आणि १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा आहे; देशांच्या वर तसे कोणी नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयातही दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय खटला उभा राहत नाही. पाण्याचा वापर न्याय्य व वाजवी असावा आणि शेजाऱ्याची मोठी हानी होऊ नये, ही तत्त्वे सांगणारा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९७ मध्ये संमत केला. मात्र त्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि चीनने विरोध केला. त्यामुळे आपल्याकडे खरा आधार उरतो तो दोन देशांनी आपसांत केलेल्या कराराचा, आणि माझ्या मते अशा करारातले वाटपाचे आकडे जितके महत्त्वाचे, तितकेच पाणी कोण मोजणार हे ठरवणारे कलम महत्त्वाचे असते.

फराक्क्याचे उदाहरण पाहा. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी हुगळीत वळवणारा हा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि खाली बांगलादेशात उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागल्याची तक्रार सुरू झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेल्या तीस वर्षांच्या करारात १ जानेवारी ते ३१ मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडले आहेत. फराक्क्याला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आले तर निम्मे-निम्मे. ७५ हजारांपर्यंत बांगलादेशाला ३५ हजार व उरलेले भारताला. त्याहून अधिक आले तर भारताला ४० हजार आणि बाकीचे बांगलादेशाला. ११ मार्च ते १० मे या ऐन टंचाईत दोघांना आळीपाळीने दहा दिवस ३५ हजारांची हमी आहे. शिवाय बंधाऱ्याखाली, हुगळीकडे पाणी नेणाऱ्या फीडर कालव्यात आणि पलीकडे बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाजवळ रोजच्या प्रवाहाची नोंद दोन्ही देशांच्या संयुक्त समितीची पथके करतात. म्हणजे एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा, असा प्रकार तिथे नाही.

भारत-पाकिस्तानमधला १९६० चा सिंधू करारही असाच माहितीच्या देवाणघेवाणीवर आणि दोन्ही देशांच्या आयुक्तांच्या बैठकींवर उभा होता, म्हणूनच तो १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतूनही टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. दोन्ही सरकारे नवा करार करून तो संपवत नाहीत तोवर तो चालू राहील, असे त्यात लिहिलेले असल्याने ही स्थगिती पाकिस्तानला मान्य नाही.

ब्रह्मपुत्रेवर मात्र आपणच खाली आहोत, आणि तिथे चीनशी पाणीवाटपाचा करारच नाही. पावसाळ्यातली पातळी, विसर्ग आणि पर्जन्यमान कळवण्यापुरता सामंजस्य करार २००२ मध्ये झाला होता. २०१७ मध्ये भूतानजवळच्या डोकलाम पठारावर भारत-चीन सैन्यांत तणाव असताना ते आकडे भारताला मिळाले नाहीत. मोजणी केंद्रांचे काम चालू असल्याचे कारण चीनने दिले, आणि ते खरे की खोटे हे पाहायला तिथे आपला माणूस नव्हता.