हार्लनचा संप आणि बाजू घेणारा कॅमेरा

प्रश्न : माझे वडील भूमिगत कोळसा खाणीत होते. ‘हार्लन काउंटी, यूएसए’ हा खाणकामगारांच्या संपावरचा माहितीपट आम्ही घरी सगळ्यांनी पाहिला. वडील शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. मुलगा मात्र म्हणाला, ‘हे एकतर्फी आहे.’ माहितीपट तटस्थ असायला नको का?
– एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : या माहितीपटाची दिग्दर्शिका बार्बरा कॉपल कामगारांच्या बाजूने उभी आहे, हे तुमच्या मुलाने बरोबर ओळखलं. ती ते लपवतही नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, हार्लन काउंटीतल्या ब्रुकसाइड खाणीच्या कामगारांनी ‘युनायटेड माइन वर्कर्स’ ही युनियन निवडली आणि कंपनीने करारावर सही करायला नकार दिला. खाण ड्यूक पॉवर या बड्या वीज कंपनीच्या मालकीची, आणि कामगारांच्या घरात नळ नाही. पत्र्याच्या टबात लेकीला अंघोळ घालणारी आई आठवते ना? ते पाहिल्यावर मला तरी मधोमध उभं राहता येत नाही.

कंपनीची बाजू मात्र तिथे आहे. खाण कंपनीचा अध्यक्ष पत्रकारांसमोर बोलतो, तेही दिसतं. संपातल्या बायकांबद्दल विचारल्यावर आपल्या बायकोने असं काही केलेलं आपल्याला रुचणार नाही, असं तो सांगतो. वरून समजावणारा निवेदक नाही. काय ते तुम्हीच ठरवायचं.

आणि स्वतःच्या माणसांचे दोषही कॉपल झाकत नाही. कोर्टाने खाणीच्या दारावर निदर्शनं करणाऱ्या कामगारांची संख्या मर्यादित केल्यावर बायका काठ्या घेऊन पहाटे रस्त्यावर उतरल्या. त्यांच्याच बैठकीत दारूवरून, नवऱ्यांवरून भांडण जुंपतं. एकजण ताडकन म्हणते, मला कुणाचा नवरा नको, करार हवा आहे. कुठल्याही प्रचारपटातून हा प्रसंग आधी कापला गेला असता. मी तो दरवेळी श्वास रोखून बघते. मुंबईतल्या १९८२च्या गिरणी संपात माझी आई डबे करून आमचं घर चालवायची. तिच्या मैत्रिणींचीही अशीच भांडणं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा एकत्र भाजी निवडायला बसायच्या. त्यांचं चित्रण कुणी केलं नाही.

कॅमेरा तिथे असल्याने फरकही पडला. कॅमेऱ्यातलं रीळ संपलं तरी कॉपल आणि तिचे सहकारी कॅमेरा घेऊन जायचे, कारण तो दिसला की कंपनीचे बंदूकधारी थोडे आवरते घ्यायचे. तरीही अंधारात त्यांच्यावर हल्ला झालाच. पडदा हेलकावतो, काही दिसत नाही, फक्त आवाज येतात. तो भाग मुलाला पुन्हा दाखवा. आणि ऑगस्ट १९७४मध्ये लॉरेन्स जोन्स हा तेवीस वर्षांचा कामगार गोळी लागून गेला. त्याची बायको अवघी सोळा वर्षांची, पदरात तान्हं मूल. त्यानंतर काही दिवसांतच सही झाली. तेरा महिने जे अडलं होतं, ते एका अंत्ययात्रेनंतर सुटलं.

एक विनंती. सुरुवातीला कोळशाच्या पट्ट्यावर आडवे पडून बाहेर येणारे कामगार दिसतात. तिथे थांबवा आणि मुलाला आजोबांना विचारू द्या, तुम्ही वर कसे यायचात? ते काय सांगतात, मला जरूर कळवा.