गल्लीतले पार्किंग ठरवायचे कोणी, पोलिसांनी की महापालिकेने?

प्रश्न : पुण्यात आमची ३२ सदनिकांची जुनी सोसायटी आहे. गल्लीत शाळा आहे. शाळा भरताना आणि सुटताना व्हॅन, रिक्षा आणि पालकांच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशीच थांबतात. फुटपाथवर तर दिवसभर दुचाकींची रांग असते. दोन महिन्यांपूर्वी माझ्या सासूबाई (वय ७४) फुटपाथ अडलेला म्हणून रस्त्यावर उतरल्या आणि मागून आलेल्या स्कूटरने त्यांना उडवले. मनगट मोडले, प्लेट बसवावी लागली. स्कूटरवाला मुलगा शेजारच्या गल्लीतला, ओळखीचा, म्हणून पोलिसांत गेलो नाही. एका कार्यालयात अर्ज दिला, तर 'पार्किंग हा पोलिसांचा विषय' असे सांगितले. दुसरीकडे गेलो, तर 'बोर्ड आणि पट्टे महापालिकेचे' म्हणाले. शेवटी सोसायटीने स्वतःच बोर्ड लावला आणि कोपऱ्यावर सिमेंट भरलेली दोन पिंपे ठेवली. आता त्यावर अतिक्रमणाची नोटीस आली आहे. भरीत भर म्हणजे, माझी स्वतःची स्कूटर पी-२ मधून (रस्त्याची फक्त सम तारखांना गाडी लावायची बाजू; पी-१ विषम तारखांची) उचलून नेली. तिथला बोर्ड फांदीआड झाकलेला होता. सोसायटीतलेच काही जण म्हणतात, 'नो पार्किंग झाले तर आमच्या गाड्या कुठे लावायच्या?' आम्ही नेमके जायचे कोणाकडे?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबतचे फोटो मी दोन-तीनदा पाहिले. एका फोटोत तुमच्या सोसायटीचा बोर्ड आहे. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात 'नो पार्किंग, हवा सोडली जाईल' असे लिहिले आहे आणि तो तारेने विजेच्या खांबाला बांधला आहे. त्याच फोटोत मागे एक आजी उभ्या आहेत. हातात पिशवी, एक पाय फुटपाथवर, दुसरा खाली रस्त्यावर, आणि पुढे ओळीने सात दुचाकी. त्या तुमच्या सासूबाई नसतीलही, पण सासूबाईंचा अपघात नेमका कसा झाला ते मला त्या फोटोतून कळले. म्हणून हे उत्तर नेहमीपेक्षा सविस्तर देते आहे.

तुम्हाला दोन्ही ठिकाणी जे सांगितले ते अर्धे-अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच माणसाची फरपट होते. गाड्या कुठे उभ्या राहतील आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५, ११६ आणि ११७ मध्ये आहे. मूळ अधिकार राज्य सरकारचा. गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेने तो पोलिसांकडे सोपवला. म्हणूनच पुण्यात 'या रस्त्यावर इतक्या मीटरपर्यंत नो पार्किंग', 'इथे पी-१, पी-२' असे आदेश वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या सहीने निघतात. पण कलम ११७ मध्येच एक शब्दप्रयोग आहे, तो अधोरेखित करून ठेवा : पार्किंगच्या जागा ठरवायच्या त्या स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून. म्हणजे दोघांनी एकमेकांशी बोलायचे हे कायद्यानेच सांगितले आहे. नागरिकाने दोघांमध्ये निरोप्यासारखे धावायचे, असे त्यात कुठेही नाही. पट्टे मारणे, फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग आणि गतिरोधक बांधणे ही कामे महापालिकेची, मुख्यतः पथ विभागाची.

आता तुमच्या अर्जाची प्रत. तुम्ही एकाच कागदावर सगळे मागितले आहे : फुटपाथवरच्या गाड्या हटवा, कोपरा मोकळा करा, गल्लीत नो पार्किंग करा, गतिरोधक द्या. असा अर्ज ज्या टेबलावर जातो, तिथला माणूस त्यातला दुसऱ्याचा भाग दाखवतो आणि कागद पुढे ढकलतो. माझ्याकडे येणारी अशी बहुतेक प्रकरणे इथेच अडकलेली असतात.

तुम्ही जे मागता आहात, त्यातल्या निम्म्या गोष्टींना नव्या आदेशाची गरजच नाही. त्या आजही बेकायदाच आहेत. फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, चौकाच्या तोंडाशी किंवा कोणाचे फाटक अडवून गाडी लावायला मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार मनाई आहे. इतरांना धोका होईल किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडून जाणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे. तिथे बोर्ड असो वा नसो. कलम १२७ नुसार पोलीस अशी गाडी उचलूही शकतात. त्यामुळे पहिला अर्ज फक्त कारवाईचा करा. तो वाहतूक शाखेच्या तुमच्या विभागाच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या. त्यात नवा नियम मागू नका, असलेला पाळायला लावा एवढेच म्हणा. सलग दहा दिवसांचे फोटो जोडा, प्रत्येकावर तारीख आणि वेळ असू द्या. शाळा सुटायच्या आधीची पंधरा मिनिटे आणि नंतरची पंधरा मिनिटे, एवढा वेळ पुरे.

दुसरा अर्ज नव्या आदेशाचा. तो पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या नावे करा आणि प्रत महापालिकेच्या पथ विभागाला व क्षेत्रीय कार्यालयाला द्या. तिन्ही ठिकाणांहून आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. इथे माझे स्पष्ट मत सांगते : सगळी गल्ली नो पार्किंग करा, असे मागू नका. ते मिळणार नाही, आणि मिळाले तर टिकणार नाही. ज्यांच्या घराखाली जागाच नाही ती माणसे गाड्या लावणारच, मग आदेश खांबावरच राहतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक मीटर पूर्ण नो पार्किंग, शाळेच्या फाटकासमोर फक्त शाळेच्या वेळात थांबायला बंदी आणि व्हॅनसाठी पुढे चढण्या-उतरण्याची एक जागा, इतकेच मागा. हाताने काढलेला नकाशा जोडा. टेप घेऊन मोजा : रस्त्याची रुंदी, फुटपाथची रुंदी, कोपऱ्यापासून पहिल्या उभ्या गाडीपर्यंतचे अंतर. मोजमाप असलेला अर्ज घेऊन अधिकारी जागेवर येतो, नुसत्या तक्रारीवर येत नाही.

असे आदेश पुण्यात अनेकदा आधी तात्पुरत्या स्वरूपात निघतात आणि लेखी हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत आदेशातच दिलेली असते. त्या मुदतीत विरोध करणारे हरकत घेतीलच, तुम्ही समर्थनाची पत्रे द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांचे एक पत्र दहा रहिवाशांच्या सह्यांच्या तोडीचे असते.

आता 'आमच्या गाड्या कुठे लावायच्या' म्हणणाऱ्यांबद्दल. त्यांची अडचण खोटी नाही, पण सार्वजनिक रस्त्यावर गाडी कायम उभी ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. घरासमोर आहे, वीस वर्षे तिथेच लावतो, या कारणाने तो मिळत नाही. मात्र सोसायटीने आधी स्वतःच्या आवारात डोकावून बघावे. तुम्ही ओझरते लिहिले आहे की तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये दोन गाळे निघाले आहेत आणि एका सभासदाने आपली जागा बाहेरच्याला भाड्याने दिली आहे. इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग बिल्डरला सदनिकेपासून वेगळे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितले. मंजूर नकाशात पार्किंग असेल आणि जागेवर दुकान असेल, तर बांधकाम विभागाकडे तक्रार करता येते. हा विषय सर्वसाधारण सभेत घ्या. कटू होईल, पण आपल्याच इमारतीतल्या गाड्या रस्त्यावर का आल्या याचे उत्तर तिथे मिळेल.

नोटिशीला मात्र भांडू नका. फुटपाथवर किंवा रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू ठेवायला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मनाई आहे, आणि कलम २३१ नुसार आयुक्त ती नोटीस न देताही हटवू शकतात. तुम्हाला नोटीस आली म्हणजे सवलतच मिळाली म्हणायची. अंधारात त्या पिंपावर कोणी दुचाकीस्वार आपटला, तर भरपाईच्या दाव्यात सोसायटी पहिली प्रतिवादी असेल. आजच पिंपे उचला, फोटो काढा आणि लेखी कळवा की काढली. त्याच पत्रात मागा की त्या जागी महापालिकेने स्वतः बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) बसवावेत, आणि दोन बोलार्डमधले अंतर चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढे ठेवावे. बोर्डही उतरवा. वाहतुकीचे चिन्ह कोणी लावायचे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मध्ये ठरलेले आहे, खासगी बोर्डाला कायद्याचे बळ नाही. आणि दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडली, तर गुन्हा तुमच्यावर नोंदला जाऊ शकतो.

गतिरोधकाचेही तसेच. एका रात्रीत गल्लीकरांनी डांबर ओतून केलेले उंचवटे पुण्यात पावलोपावली दिसतात, आणि पाठीचा आजार असलेल्या माणसाला किंवा गरोदर बाईला ते काय करतात हे रिक्षावाल्यांना विचारा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात (आयआरसी ९९) साधारण ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार गतिरोधक सांगितला आहे, त्यावर पट्टे आणि आधी सूचनेचा फलक हवा. अर्जात हे आकडे लिहा.

महापालिकेला देण्याच्या पत्रात आणखी दोन गोष्टींचा आधार घ्या. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आहे, त्याचा उल्लेख करा. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन प्रकरणात सांगितले की अडथळा नसलेला, वापरता येईल असा फुटपाथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे. 'निधी नाही' असे तोंडी उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा. पैसे नाहीत या सबबीवर नगरपालिकेला मूलभूत कर्तव्य टाळता येत नाही, हे रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्येच ठरले आहे.

तीस दिवसांत काही हलले नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. वाहतूक शाखेला वेगळा अर्ज, महापालिकेला वेगळा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, सोबत १० रुपयांचे शुल्क. पोलिसांकडे तुमच्या गल्लीतल्या पी-१, पी-२ च्या आदेशाची प्रत आणि तुमच्या अर्जावरची कार्यवाही मागा. तो आदेश हातात आला की समजेल, आदेशात किती मीटर आहे आणि प्रत्यक्षात बोर्ड कुठे आहे. या दोन्हींत फरक निघतो, मी पाहिलेला आहे. त्यानंतरही दाद नाही मिळाली, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. पुण्याची प्रकरणे मुंबईलाच चालतात, खर्च आणि हेलपाटे दोन्ही होतात, म्हणून ती पायरी शेवटची. पण तिथे उभे राहायचे तर आधीचे आवक शिक्के हवेतच.

तुमच्या स्कूटरचे थोडक्यात. पी-२ सम तारखेचे. ३० तारखेच्या रात्री लावलेली गाडी ३१ ला सकाळी चुकीच्या बाजूला ठरली. बोर्ड दिसत नव्हता हा बचाव चांगला आहे, पण दंड आणि टोइंगचे पैसे भरून तुम्ही गाडी सोडवली आहे, त्यामुळे त्यात आता वेळ घालवू नका. न भरलेल्या चलनाविरुद्ध वाहतूक पोलिसांच्या 'महाट्रॅफिक' या ऑनलाइन सेवेवर तक्रार करता येते, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. फांदी स्वतः तोडू नका, त्यासाठी उद्यान विभागाला कळवा.

सगळ्यात महत्त्वाचे, म्हणजे सासूबाईंचा अपघात, तुम्ही पत्रात दोन ओळींत संपवलाय. ओळखीचा मुलगा आहे, त्याच्या आयुष्याचे नुकसान नको, ही तुमची भावना मला समजते. पण भरपाई त्या मुलाच्या खिशातून जाण्याची गरज नाही. स्कूटरचा थर्ड पार्टी विमा असेल, तर ती विमा कंपनी देते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ती धरूनच चाला. दोन महिने गेले आहेत. शिवाय आज पोलिसांच्या लेखी तुमच्या गल्लीत अपघात झालेलाच नाही. उपायुक्तांसमोर फाइल जाईल तेव्हा 'इथे अपघातांची नोंद नाही' असा शेरा येईल, आणि तो खोटाही नसेल. त्या मुलाच्या घरी जाऊन आधी शांतपणे बोला, विम्याची प्रत मागा, मग पोलीस ठाण्यात जा. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि बिलांच्या मूळ प्रती सोबत ठेवा. जबाब देताना सासूबाईंना एवढेच सांगू द्या की त्या फुटपाथवरून खाली का उतरल्या. ते वाक्य जबाबात आले आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून बघा.