एखादं आडनाव दुर्मिळ होत चाललंय हे कसं ओळखायचं? ते कायमचं संपू शकतं का?

संपू शकतं. त्याला ना साथ लागते ना युद्ध, नुसता योगायोग पुरतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की 'घरात दोन्ही मुलीच, म्हणजे आडनाव माझ्यापाशीच थांबणार', तिथे माझं डोकं फिरलं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आमचं आडनाव विरळाच. काकांना त्याचा भारी घोर. टेलिफोन डिरेक्टरीची नवी आवृत्ती आली की ते आमच्या आडनावाचं पान काढायचे. मी नावं वाचायची आणि त्यांनी टोक काढलेल्या पेन्सिलीने एकेका ओळीपुढे टिंब द्यायचं. बेरीज एका लांबट वहीत. आधी १४, मग १३, मग ११. वही मिटताना ठरलेलं वाक्य, "आटत चाललोय आपण." मी नऊ-दहा वर्षांची. काकांची मदतनीस म्हणून मिरवायचे.

एकदा ते बाहेर गेले असताना मी वहीची मागची पानं चाळली. तिथे वंशावळ होती. बाबांच्या नावाखाली आडवी रेघ आणि पुढे बारीक अक्षरात 'येथे खुंटली'. मी आणि ताई, दोघी त्याच घरात जेवतखात होतो. इतकी वर्षं ज्यांची टिंबं मी मोजत होते, त्यांत मी धरलेलीच नव्हते.

पुढे संख्याशास्त्र शिकले तेव्हा कळलं की काकांची मोजणीच मुळात कच्ची होती. आमचं आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात, ते एकच स्पेलिंग धरायचे. शिवाय डिरेक्टरीत माणसं नसतात, फोन असतात. लोकांनी घरचे फोन काढून मोबाइल घेतले तसा काकांचा आकडा ४ वर आला, आणि ते महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

तुम्ही मोजणार असाल तर नुसती संख्या पाहू नका, लोकसंख्येतला वाटा पाहा. अमेरिकेच्या जनगणनेत २००० साली स्मिथ आडनावाचे सुमारे २३.७६ लाख लोक होते, २०१० साली २४.४३ लाख. वाढले ना? पण दर लाखात ते ८८१ वरून ८२८ वर आले. आडनाव पहिल्या क्रमांकावर राहूनही दुर्मिळतेकडे सरकलं. त्याच देशात २००० साली गार्सिया आणि रॉड्रिग्ज पहिल्या दहांत आले, ते स्थलांतरामुळे. आडनावं फक्त पाळण्यात वाढत नाहीत. व्हिएतनाममध्ये तेराव्या शतकात नव्या राजघराण्याने जुन्या राजघराण्याच्या ली आडनावाच्या लोकांना न्ग्वेन व्हायला लावलं. आज तिथे साधारण तीनातला एक माणूस न्ग्वेन आहे.

आता 'थांबणार' याविषयी. तुमचाच प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ साली एका नियतकालिकात जाहीर विचारला होता, कारण नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी होताना दिसत होती. उत्तर दिलं हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने. गंमत म्हणजे त्याने निष्कर्ष चुकवला. त्याच्या मते सगळीच आडनावं शेवटी संपतात. खरं असं की दर पुरुषामागे सरासरी एकाहून जास्त मुलगे असतील तर टिकण्याची शक्यता उरते. हे बिएनेमे नावाच्या फ्रेंच माणसाने १८४५ सालीच बरोबर सांगितलं होतं, पण कोणी लक्ष दिलं नाही.

हिशेब घरी करून बघा. प्रत्येक पुरुषाला नेमकी दोन अपत्यं, मुलगा-मुलगी समसमान, आणि आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे. तर एका माणसाची शाखा पहिल्याच पिढीत खुंटायची शक्यता २५ टक्के, दुसरीपर्यंत ३९, तिसरीपर्यंत ४८, चौथीपर्यंत ५५. म्हणजे चार पिढ्यांत निम्म्याहून जास्त शाखा गारद. यात मुलींचा दोष कुठे आला? दोष 'फक्त मुलग्यांकडून' या अटीचा आहे, आणि ती अट माणसांनीच घातलेली. जपानमध्ये जावयाला दत्तक घेऊन सासरचं आडनाव द्यायची रीत जुनी आहे. स्पेनमध्ये माणसाला आईचं आणि बापाचं अशी दोन आडनावं असतात, आणि १९९९ च्या कायद्यानंतर आईचं पुढे ठेवता येतं. मुलींना विचारा त्यांना काय करायचंय ते. रेघ मारायची घाई करू नका.

हो, एक राहिलं. वरचा हिशेब आदर्श आहे, खऱ्या घरांत कोणाला पाच मुलं तर कोणाला एकही नाही, त्यामुळे सरासरी तीच धरली तरी शाखा खुंटायची शक्यता याहून जास्तच निघेल. आणि धंद्यावरून पडलेलं आडनाव असेल तर ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलेलं असतं. तुमची शाखा संपली तरी आडनाव संपत नाही. तुमचं कोणत्या प्रकारातलं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही. माझ्या मुलीलाही तेच लावलं. काकांचा एकुलता एक मुलगा, ज्याच्या नावाखाली ठळक बाण काढला होता, त्याने लोक नीट उच्चारत नाहीत म्हणून कागदोपत्री आडनावच बदलून घेतलं. काका गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. बाण अजून तसाच आहे. मी खोडला नाही, पण माझ्या मुलीचं नाव लिहायला जागा हवी म्हणून ती आडवी रेघ मात्र खोडरबराने पुसली. पेन्सिलीचीच होती.