कॉलरचं गळ्यातलं: तार का तुटते, आणि काय काढून टाकावं

वडिलांच्या जुन्या शर्टाच्या कॉलरचं गळ्यातलं करताय, भोवती तांब्याच्या तारेचं क्रोशे. पण तार सारखी तुटते आणि एकूण प्रकार 'शाळेतल्या हस्तकलेसारखा' दिसतो, असं तुम्ही लिहिलंय.

आधी तार. तुमची अर्ध्या मिलिमीटरची तार क्रोशेला जाडच. ०.३ मिमी घ्या. दोऱ्याचा टाका ओढला की बसतो. तार ओढली की कडक होते आणि पुढच्या वळणाला तुटते. म्हणून टाके सैल ठेवा आणि उसवू नका, मुडपलेली तार सरळ केली तरी नेमकी तिथंच तुटते. चुकलेला टाका नंतर सुईच्या टोकाने सारखा करता येतो. साधं तांबं घामाने हिरवट डाग पाडतं, त्यापेक्षा मोटर वाइंडिंगची, इनॅमलचा लेप दिलेली तार बरी. अमेरिकेच्या दागिनेकार आर्लिन फिश यांनी अशाच लेप दिलेल्या तारेचे जेलीफिश विणले होते! विणकाम, क्रोशे, वेणी ही कापडाची तंत्रं धातूत कशी उतरवायची, यावर त्यांचं १९७५ सालचं अख्खं पुस्तक आहे.

आता खरी अडचण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नावाची आद्याक्षरं आहेत, घड्याळाचं चाक आहे, वर एक बदामाच्या आकाराचा मणी. तिघं मिळून 'बाबा, बाबा' म्हणतायत आणि कॉलर बिचारी गप्प. मी असते तर तिन्ही काढले असते. कॉलरच्या घडीवर दाढी घासून कापड विरतं ना, तो पांढुरका पट्टा तुम्ही दुमडून आत घातलाय. तो बाहेर आणा. इतर कुणाच्या शर्टावर तो नेमका तसा नसेल.

विरलेलं कापड वजन पेलत नाही. मागे घट्ट विणीचं सुती कापड ठेवून बारीक धावदोरा घाला, कडेला १ मिमी तारेची चौकट द्या आणि काजाच्या टाक्याने ती कापडाला जोडा. क्रोशे चौकटीत अडकवायचं, कापडात नाही. दशा सुटल्या तर थोड्या सुटू द्या, मला त्या आवडतात.

गोंद अजिबात नको. मावशीच्या रुमालाचा ब्रोच मी गोंदाने चिकटवला होता. वर्षभरात पिवळा डाग वर आला, आणि तसा रुमाल दुसरा नव्हता. तुम्ही आधी दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या शर्टावर हात बसवा.

हूक विकत घेऊ नका. कॉलरच्या पट्टीवरचं वरचं बटण आणि काज आहेच, तेच मागे मानेवर येऊ द्या. काजाची कड पुन्हा भरून घ्या. बटणाचा दोरा मात्र नवा घाला, जुना टिकणार नाही.