रोधक रसायनाचा पुरावा कितपत धरावा?

प्रश्न : माझी मुलगी पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. पेशी बाहेरचे पदार्थ आत कसे घेते, म्हणजे एंडोसायटोसिस, हा तिचा विषय. डायनॅसोर नावाचे रसायन घातल्यावर तिच्या पेशींनी एक प्रथिन आत घेणे थांबवले, म्हणून त्या प्रक्रियेला डायनॅमिन हे प्रथिन लागते, असे तिने लिहिले. मार्गदर्शकांनी तो निष्कर्ष खोडला आणि डायनॅमिनचे जनुक काढून टाकलेल्या पेशींवर प्रयोग करायला सांगितले. यात तिचे बरेच महिने जातील. डायनॅमिनला रोखणाऱ्या रसायनाने काम थांबत असेल, तर आणखी पुरावा कशाला हवा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचे महिने जाणार याची तुमची काळजी रास्त आहे, तरीही मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे असेच मला वाटते. रोधक रसायन घातल्यावर जे दिसते तो त्या रसायनाचा पेशीवर झालेला परिणाम असतो. तो परिणाम डायनॅमिन थांबल्यामुळेच झाला, हे वेगळे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

पेशीपटलाला आत खळगा पडतो, तो खोल होत जातो आणि शेवटी त्याची मान तुटून पदार्थाने भरलेली पुटिका, म्हणजे पटलाची बारीक पिशवी, पेशीच्या आत सुटी होते. यांतल्या पुष्कळ खळग्यांना बाहेरून क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी असते. ते प्रथिन बार्बरा पिअर्स यांनी १९७५-७६च्या सुमारास केंब्रिजमध्ये डुकराच्या मेंदूतून शुद्ध केले. डायनॅमिनचे काम अगदी शेवटचे. थैलीचे तोंड नाडीने आवळावे तसे ते खळग्याच्या मानेभोवती वेटोळे घालते आणि जीटीपी या रेणूतली ऊर्जा वापरून मान तोडते.

हे कळले ते रसायनांमुळे नव्हे, फळमाशीमुळे. शिबिरे नावाचे उत्परिवर्तन असलेल्या माश्या साधारण २९ अंश सेल्सिअसला काही मिनिटांत लुळ्या पडतात आणि गारव्यात आणल्या की पुन्हा हालचाल करू लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी सिमूर बेंझर यांच्यासह १९७६ मध्ये, तापमानानुसार अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेतील दोषांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की उष्णतेत ठेवलेल्या शिबिरे माशीच्या चेतातंतूंच्या टोकांशी पुटिका जवळजवळ संपलेल्या असतात आणि पटलाला मात्र मान न तुटलेले खळगे तसेच लटकून राहिलेले असतात. हे जनुक डायनॅमिनचेच आहे, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. येथे बिघाड एकाच जनुकात असल्यामुळे कार्य आणि कारण यांचा सांधा पक्का बसला.

डायनॅसोरची गोष्ट २००६ ची. टॉमस किर्चहाउझेन यांच्या गटाने सुमारे १६,००० रसायने चाळून ते निवडले. पेशींत घातल्यावर मिनिट-दोन मिनिटांत पटलावरचे खळगे दोन अवस्थांत अडकलेले दिसले : काही अर्धवट, काही पूर्ण गोल पण मान न तुटलेले. माशीतल्या चित्राशी हे जुळत होते, म्हणून जगभर प्रयोगशाळांनी ते उचलले. मग २०१३ मध्ये निर्णायक प्रयोग झाला. सस्तन प्राण्यांत डायनॅमिनची तीन जनुके असतात. ती तिन्ही काढून टाकलेल्या उंदराच्या पेशींवर डायनॅसोर आणि त्याचे सुधारित भावंड डिंगो-४ए घातले, तेव्हाही आसपासचा द्रव आत घेणे आणि पटलाला पडणाऱ्या लाटा ही दोन्ही कामे मंदावली. रोखायला डायनॅमिन उरलेच नव्हते! तुमच्या मुलीच्या निष्कर्षातली फट नेमकी हीच आहे.

इतर रोधकांचीही हीच गत आहे. क्लॅथ्रिनसाठी बनवलेले पिटस्टॉप-२ क्लॅथ्रिनविरहित मार्गही रोखते, असे २०१२ मध्ये दाखवले गेले. त्याच कामासाठी वापरतात ते क्लोरप्रोमाझिन तर मूळचे मनोविकारांवरचे औषध, त्याचे परिणाम अनेक ठिकाणी होतात.

पेशीची निवड चुकली तर काय होते, याचे उदाहरण आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. क्लोरोक्विन पुटिकांच्या आतली आम्लता घटवते. माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशींत शिरायला करोना विषाणूला ती आम्लता लागते, त्यामुळे तेथे त्याचा शिरकाव रोखला गेला. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी त्याच कुळातले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवले होते. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी दाखवले की मानवी फुप्फुसाच्या पेशींत ही औषधे विषाणूला अडवत नाहीत, कारण तेथे एक विकर पेशीच्या पृष्ठभागावरच विषाणूचे प्रथिन कापून त्याला वाट करून देते आणि आम्लतेची गरजच पडत नाही. व्हेरो पेशींतले निरीक्षण खरे होते. ते ज्या प्रश्नाचे उत्तर मानले गेले, तो प्रश्न वेगळा होता.

म्हणून रसायने टाकून द्यावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. जनुक काढल्यावर शिल्लक प्रथिन संपायला काही दिवस लागतात आणि तेवढ्या काळात पेशी दुसरी सोय लावून घेऊ शकते. रसायन मिनिटांत काम करते आणि धुऊन काढले की परिणामही ओसरतो. ही दोन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रथिनात स्वतःहून मान तोडण्याची क्षमता आहे का, हे पाहायचे तर पेशीही नको : पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेत काचेवर मेदपटलाच्या बारीक नळ्या तयार करून त्यांवर शुद्ध डायनॅमिन सोडतात आणि नळ्या तुटताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहतात.

मुलीने जनुक काढलेल्या पेशी हाती येईपर्यंत काही गोष्टी करून ठेवाव्यात. डायनॅसोर रक्तद्रवातील (सीरममधील) प्रथिनांना चिकटते आणि त्याचा प्रभाव घटतो, म्हणून पेशी ठेवलेले माध्यम सीरमविरहित होते ना, हे आधी तपासावे. त्याच पेशींत प्रकाशमान ट्रान्सफेरिनचे, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे, ग्रहण मोजावे, कारण ते क्लॅथ्रिन व डायनॅमिनच्या मार्गाने जाते हे पक्के ठाऊक आहे : पेशी बर्फावर ठेवून ट्रान्सफेरिन पटलाला बांधू द्यायचे, ३७ अंशांना काही मिनिटे आत जाऊ द्यायचे आणि बाहेर उरलेले आम्लाने धुऊन टाकायचे. सोबत के४४ए हे जीटीपीशी नीट न जुळणारे डायनॅमिन पेशीत घालून पाहावे. ४४ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले हे रूप मूळ डायनॅमिनचेही काम बिघडवते. आणि जनुक काढलेल्या पेशी आल्या की त्यांत चांगले डायनॅमिन परत घालून थांबलेले काम पुन्हा सुरू होते का, हे न चुकता पाहावे. ते सुरू झाले, तर तिचे खोडलेले वाक्य पुन्हा लिहायला मार्गदर्शकांची हरकत राहू नये.